वीत आणि चार बोटं

ग्रोसेतोच्या स्टेशनाबाहेर किल्ली देताना
काउंटरवरची मुलगी म्हणाली, गाडी पांढरी आहे,
जपा.
मी सतरा ठिकाणी सह्या केल्या
आणि पहिल्याच चौकात उजवीकडे वळायला
वायपर लावले.
कोरड्या काचेवर ते कुरकुरत राहिले.
मागचा ट्रॅक्टरवाला हसून थांबला.

कुंदाताईच्या मांडीवर वही.
अडतीस वर्षं बँकेत काढलेली बाई,
तेव्हा पेट्रोल, पाणी, एका पीचचे साठ सेंट,
सगळं तारखेसह.
ऑलिव्हची झाडं तेवढी तिनं मोजली नाहीत.

टेकडी चढताना नकाशातली बाई गप्प झाली.
पुढे नुसती पांढरी माती, दोन्हीकडे गहू,
आणि एक दगडी कुंपण.
गाडीला उजवी बाजूही असते
हे मी क्षणभर विसरले.
खर्रर्र.
ताईनं उतरून ओरखडा मोजला:
वीत आणि चार बोटं.
वहीत लिहिला, पुढची रक्कम कोरी ठेवली.
मग बराच वेळ आम्ही
एकमेकींशी फक्त रस्त्याबद्दल बोललो.

आधी वास आला,
विझलेल्या काडेपेटीचा, नासलेल्या अंड्याचा.
मग वाफ. मग ओढा,
आणि ओढ्याकाठी उतरत गेलेली दुधी कुंडं.
दगडांवर चुना असा धरलेला
की वाटावं, साय काढायची कुणी विसरून गेलंय.
गावातली माणसं त्यात बसली होती
पारावर बसावं तशी.
नेदो नावाचे एक आजोबा
छातीभर पाण्यात गुलाबी वर्तमानपत्र वाचत होते, कोरडंठाक.
ते पान उलटायचे तेव्हा
अख्खं कुंड हालचाल थांबवायचं.

ताई काठावर. पावलं पाण्यात, सलवार पोटरीपर्यंत, बस.
तू जा, मी पिशव्या सांभाळते, म्हणाली.
प्रत्येक समुद्रावर ती हेच म्हणत आली आहे.

मग देर्ना आली, ऐंशीच्या पुढची,
निळ्या बाथरोबमध्ये, हातात प्लास्टिकची बादली.
न विचारता ताईच्या गुडघ्यावर हात ठेवला तिनं.
सलवारीखालची ती उभी शिवण
तिला कशी कळली कोण जाणे.
रोब बाजूला सारून आपला गुडघा पुढे केला:
तशीच रेघ, खाली जरा वाकडी गेलेली.
ताईनं इकडेतिकडे पाहिलं
आणि सलवार वर ओढली.
दोघींनी टाक्यांच्या खुणा मोजल्या,
एकीनं मराठीत, एकीनं इटालियनमध्ये.
ताईचे सव्वीस. देर्नाचे एकोणतीस.
देर्ना जिंकली,
आणि हरलेलीला हाताला धरून पाण्यात घेऊन गेली
कपड्यांसकट.
अगं, अगं, म्हणत ताई गळ्यापर्यंत.
मी पिशव्या सांभाळल्या.

बादलीत मेंढीचं चीज होतं आणि हिरव्या शेंगा,
वालाच्या थोरल्या बहिणीसारख्या.
कच्च्याच सोलून खायच्या.
ताई सोलत गेली, देर्ना बोलत गेली.
नेदोंनी मला मोजक्या इंग्रजीत सांगितलं:
लहानपणी ही इथे लोकर धुवायची, जानेवारीत,
गावात हात गरम राहील अशी ही एकच जागा.
संध्याकाळी ताईची चांदीची अंगठी काळी पडलेली दिसली.
तिनं ती पुसली नाही.

मुलगी गाडीभोवती फिरली. ओरखड्यापाशी थांबली.
दार उघडून आत डोकं घातलं
आणि तसंच ठेवलं थोडा वेळ.
आमच्या घरचे सगळे टॉवेल, म्हणाली,
हिवाळाभर असेच यायचे.
मग ओरखड्याचे एकशे ऐंशी युरो लावले.
वासाचं काही लावलं नाही.

ताईनं कोऱ्या जागी आकडा भरला.
त्याखाली लिहिलं: शेंगा, चीज, गरम पाणी दोन तास.
पुढे काही नाही.
विमानात दोनदा वही उघडून म्हणाली,
बेरीज लागत नाहीये गं.