टँकरची वही

उंड्रीच्या आमच्या सोसायटीत
पाणी नाही, टँकर मोजायचो मी.
एप्रिल : एकशे बारा.
मे : पान पुरलं नाही.

दस्तगीर प्लंबर म्हणाला,
गच्चीचं पाणी गटारात सोडता
आणि त्याच गटारावरून टँकर आत घेता.
कुणी हसलं नाही. मीटिंग संपली.

मग वर्गणी. मग बोडसकाकूंची हरकत :
गच्चीवर कबुतरं हगतात, ते पिणार का आपण?
मग गाळणीचा खड्डा, खडी, वाळू, कोळसा,
आणि आटलेल्या बोअरच्या तोंडाशी
निळा पाइप, कान लावून बसल्यासारखा.

जुलैत रात्री दोनला जाग आली.
छत्री न घेताच खाली गेलो,
पाइपला तळवा टेकवला.
आतून पाणी उतरत होतं
जिना पाठ असलेल्या माणसासारखं,
अंधारात, न चाचपडता.

खाली किती साचलं, कोण सांगणार.
पुढच्या एप्रिलात टँकरवाल्या घुलेचा फोन :
साहेब, दुसरीकडून घेता का आता?
वहीत त्या महिन्याला एकतीस.
शून्य नाही. एकतीस.

वर खराट्याचा आवाज येतो.
बोडसकाकू गच्ची झाडतायत,
कबुतरांना नावं ठेवत.