फाईल : अंतिम सात

निकालाच्या दिवशी दुकान उघडंच होतं.
अशोकस्तंभाच्या अलीकडे, झेरॉक्सच्या वरच्या मजल्यावर
मुनाफभाईंचं दहा फुटी मशीन
सकाळपासून तापून उभं,
वरातीच्या घोड्यासारखं.

दिगंबर शिरसाठ, शहर उपाध्यक्ष (नऊ आहेत तसे),
आदल्या दिवशीच सांगून गेले होते :
तीस बाय पंधरा. एकच चेहरा, छातीपर्यंत.
मागे उगवता सूर्य,
खाली ‘जनतेचा एकमुखी कौल’.

मी सूर्य लावून ठेवला.

पाच वाजता टीव्हीवरचा आकडा थांबला.
बहुमताला अकरा कमी.
मुनाफभाईंनी आवाज बंद केला,
तरी अकरा दिसतच राहिले.

साडेसहाला फोन :
उजवीकडे जागा कर. दक्षिणेकडचे आहेत,
सात आहेत त्यांचे.
फोटो आला, चष्म्यावर फ्लॅश उडालेला.
नावात ल की ळ, शिरसाठांना ठाऊक नाही;
त्यांनी वर विचारलं, वरच्यांनी आणखी वर.
पाऊण तासाने उत्तर आलं : दोन्ही चालतं.

नऊला परत. डावीकडे अजून एक.
तिघंच आहेत, पण त्यांच्यावाचून होत नाही.
मोठा नको हां. लहानही नको.
मग केवढा?
रागावणार नाही एवढा.

हे माप माझ्या सॉफ्टवेअरमध्ये नाही.
मी उंदीर पुढे-मागे सरकवत राहिलो,
कान वाढले, गाल वाढले,
मधला चेहरा जरा आक्रसला.
सूर्य जागेअभावी गेला.
‘एकमुखी’ खोडलं.
उरलं ‘जनतेचा कौल’.
त्यात काही खोटं नव्हतं.

बारा वाजून गेल्यावर एक अपक्ष आला.
एकटाच आहे, म्हणून वर घे, शिरसाठ म्हणाले,
आणि फोन ठेवता ठेवता स्वतःशीच हसले,
दमलेल्या माणसासारखे.

दहा फुटी मशीनवर पंधरा फूट म्हणजे सांधा आलाच.
खालचा पट्टा, वरचा पट्टा,
मध्ये गरम पाणी दिलेली चार बोटांची शिवण.
ती तिघांच्या कपाळांवरून सरळ गेली
आणि अपक्षाच्या गळ्याखालून.

पहाटे द्वारकेच्या चौकात
विलास खैरनार बांबूवर चढला, ब्लेड दातांत.
फ्लेक्सला चिरा द्याव्या लागतात, अर्धचंद्राच्या,
वाऱ्याला वाट ठेवली नाही
तर कापड बांबूसकट रस्त्यावर येतं.
कुठं कापू? त्याने वरून ओरडून विचारलं.
चेहरे सोडून काप.
बराच वेळ तो नुसता बघत राहिला.
चेहरे सोडून जागाच नव्हती.

मग कापलं त्याने, हळूच,
एकाच्या हनुवटीत, एकाच्या खांद्यात,
मधल्याच्या ओठांच्या कडेला.
वारा आला तसे सगळे एकदम
श्वास घेतल्यासारखे फुगले, बसले.

घरी जाताना पंचवटीकडच्या पुलावर थांबलो.
खाली दुतोंड्या मारुती
दोन्हीकडे तोंड करून उभा.
पूर आला की लोक त्याच्यावरून मोजतात,
गुडघ्याला लागलं, कमरेला, छातीला.
आज पाणी पायांपर्यंतही नव्हतं.
त्याला कुणी काही विचारत नव्हतं.

टिकंल का रे हे? चहाच्या गाडीवर विलास म्हणाला.
मी बोट पाहिलं.
मशीनच्या चारही शाया थिनरने निघतात,
मतदानाची निघत नाही.
नखाच्या मुळाशी होती ती आता
केसभर वर सरकली होती.
कडेपर्यंत पोचायला दिवाळी उजाडंल, मी म्हणालो.
तो सरकारचं विचारत होता.

खिशात फोन वाजला.
शिरसाठ : डावा आणि उजवा अदलाबदल कर,
बाकी तेच राहू दे.