खोली नंबर सात

पडदा नाही. प्रोजेक्टर थेट भिंतीवर,
भिंतीला ओलीचा डाग:
जूनमध्ये तिसरीच्या शिंपीएवढा, आता सुपाएवढा.
‘चुनो लावलो तरी परत येतलो, बाई,’
शिपाई बाबल म्हणतो. वेंगुर्ल्याची हवा.

बांगड्याचे कल्ले दाखवते, डाग कल्ल्यांत.
बेडकाचं हृदय, डाग डाव्या अलिंदात.
प्रवाळाच्या व्हिडिओत मासे
त्याच्यामागे जातात
आणि जाळं चुकवल्यासारखे बाहेर येतात.

सहामाहीच्या पेपरात
चैताली रेडकरने हृदय काढलंय, सुबक,
झडपासुद्धा.
आणि डाव्या अलिंदात
पेन्सिलीने हलकेच घासलेला एक ढग.
त्यालाही बाण.
बाणापुढे जागा मोकळी.

लाल पेन उघडं, केव्हाचं.
जे दिसलं ते काढलं तिनं,
नाव ठाऊक नव्हतं, लिहिलं नाही.

इतकं खरं उत्तर
बाकीच्या एक्केचाळीस पेपरांत नाही.