बर्नली, रात्री साडेनऊ

साडेनऊ वाजले तरी ऊन खिडकीत बसूनच,
जेवायचं कधी, हे पोटाला कळत नाही.
खाली डेरेक कचऱ्याचा डबा फुटपाथवर ओढतो,
"ऑल राइट, लव्ह?"
हा प्रश्न नसतो,
एवढं समजायला अख्खा जून गेला.

दिवसभर संग्रहालयाच्या तळघरात
बंद पडलेल्या गिरणीच्या नमुना-वह्या.
पान उलटायचं, नंबर टिपायचा, फोटो काढायचा.
कॉलेजचे चार क्रेडिट, वर सँडविचपुरते पैसे.

शनिवारी लीड्सला बस बदलून व्हिटबी.
समुद्र पाहिला. सीगलनं चिप्स पळवले.
परतीची बस चुकली, लीड्सच्या बाकावर
रात्रपाळीहून निघालेल्या नर्सनं अर्धं केळं दिलं.
घरी फोनवर फक्त समुद्र सांगितला.

आणि परवा,
वही एकतीस, शेवटून तिसरं पान:
धोतराचा वीतभर तुकडा, तांबडा काठ,
खाली तिरक्या शाईत "बॉम्बेसाठी".
मिसेस ॲशवर्थ चहाला गेलेल्या.
मी हातमोजा काढला.

अंगठा फिरवला, इचलकरंजीत बाबा फिरवतात तसा,
डोळे मिटून,
मग मागांच्या खडखडाटावर ओरडून:
साठचं सूत! आडवं विरळ! ताणा सैल!

सैलच होता ताणा.
एवढ्या वर्षांत कुणी बोललं नव्हतं.

मोजा चढवला. स्थितीच्या रकान्यात "उत्तम" लिहिलं,
शेऱ्यात बराच वेळ काहीच नाही.
मग: विणणारी घाईत होती,
किंवा दमलेली.

सोमवारी विचारतील, हे कशावरून.