दोन अंश

नारिनच्या वर, चाळीस मीटर उंचीवर
बुरुलचा दातांत पाना धरून अँटेना वळवते.
कंपनीच्या नकाशात त्या कुरणावर माणूसच नाही.
बाप धरला तर एक.
मेंढ्या मोजायच्या नसतात.

सिग्नल कड्याला धडकतो, फुटतो,
तेच वाक्य तीन वाटांनी मागेपुढे पोचतं,
फोन त्यातून एक आवाज जुळवतो.
चालत्या माणसाचा हात टॉवर सोडत नाही
पुढच्यानं धरल्याशिवाय.
खिंडीपलीकडे पुढचा नाहीच.

ती दोन अंश कलवते.
नोंदवहीत कारण लिहिते : वारा.

संध्याकाळी रिंग.
"घोडी व्याली!" बाप ओरडतो,
जणू डोंगर अजून मधेच उभा आहे.
"हळू बोला, आता ऐकू येतं."
"काय?"
तो आणखी मोठ्यानं.