टाचणी

हुतुतूच्या मैदानात खंदक आम्हीच खणले.
भोंगा झाला की उडी, दातांत रुमाल.
विमान एकदाही आलं नाही भुसावळावर.
एक गाढव तेवढं पडलं; दोरानं वर काढताना
हार्कनेस साहेबही हसला.

प्रार्थनेनंतर नेहेते मास्तर
नकाशावरच्या टाचण्या सरकवायचे.
लाल निशाण म्हणजे आपलं.
"आपलं" म्हणताना ते थोडं खोकायचे.

सुपडू नारखेड्याचा भाऊ ब्रह्मदेशात,
खेचरांच्या पलटणीत.
होळीपासून कार्ड नाही.
टेसनात लष्करी गाडी थांबली की सुपडू शाळा बुडवून
डब्यामागून डबा विचारत जायचा.
गोरे शिपाई त्याला बिस्किटं द्यायचे.
ती तो आम्हाला वाटायचा, स्वतः खायचा नाही.

मंडालेची टाचणी काढायची त्या सकाळी
ती जागेवर नव्हतीच.
टेबलावर छडी. वर्ग चिडीचूप.
मास्तरांनी सुपडूची आवळलेली मूठ पाहिली,
बोटांच्या फटीतून उतरलेला थेंब पाहिला,
आणि नकाशाकडे पाठ केली.
"वह्या काढा. तापी.
उगम कुठे?"

मुलताई, आम्ही ओरडलो.
सुपडूही ओरडला,
मूठ न उघडता.