पावतीपुस्तक

सूचनांच्या शेवटी मला चार मिनिटं मिळतात.
त्याआधी संडे स्कूलची सहल, महिला मंडळाचं लोणचं,
कोणाची तरी सापडलेली किल्ली.
मग पाळकसाहेब माझं आडनाव चुकवतात
आणि मी उभा राहतो, बगलेत फाईल,
खिशातून पावतीपुस्तक जरासं डोकावणारं.

मी सांगतो: मेडिकलच्या मागे तीन खोल्या आहेत, भाड्याच्या.
गोंदिया, गडचिरोली, बालाघाटहून माणसं शेकायला येतात
(रेडिएशनला ती असंच म्हणतात).
रोगी वॉर्डात, घरचे फुटपाथवर.
त्यांच्यासाठी चटई, वरणभात,
संध्याकाळी प्रार्थना, हवी असेल त्याला.
नको असेल त्यालाही वरणभात तेवढाच.
हे शेवटचं वाक्य एका रविवारी गाळून पाहिलं होतं.
दान वाढलं नाही. झोप मात्र गेली.

सदरच्या मंडळीत पंख्यांचा आवाज होत नाही.
कमिटीने सहा आठवडे अर्ज वाचला,
ऑडिट मागितलं, बरोबरच मागितलं,
मग धनादेश, आणि हळूच:
दारावर आमचं नाव लागेल ना?
लागलं. दोन फूट बाय तीन.
त्या पैशांचे दोन कूलर मे महिन्यात
शेहेचाळीस डिग्रीत रात्रभर घरघरत होते,
आणि पाटीखाली माणसं गाढ झोपली होती.
मी कोणाला हसू?

जरीपटक्यात एकाने विचारलं, पगार किती घेता?
सांगितला.
एवढाच? म्हणाला,
आणि त्याचा संशय वाढला.

कन्हानच्या पलीकडे, कोळसा खाणीच्या वसाहतीत
एकवीस घरांची मंडळी.
पेटी वाजवणारा, हिशोब ठेवणारा, कुलूप उघडणारा
एकच माणूस, शांतवन डोंगरदिवे.
त्या दिवशी उपकारस्तुतीचा लिलाव होता.
एक कोहळं चारदा विकलं गेलं;
जो घेई तो परत नेऊन वेदीपुढे ठेवी.
सातशे चाळीस रुपये, आणि कोहळं तिथंच.

महिन्याला तीनशे देऊ, डोंगरदिवे म्हणाले.
मी पावती फाडत होतो.
मागून सलोमीबाई गजभिये बोलल्या:
"भागीदारी म्हणून राह्यला न भाऊ तू?
मंग नुसते पैसे काहून नेतं? नावं दे आमाले."

पावतीच्या पाठीवर आठ नावं लिहून दिली.
तिसरं: सुकराम मडावी, घसा.

जानेवारीत परत गेलो, थंडीत, मफलर गुंडाळून.
प्रार्थनेला सगळे उभे राहिले
आणि सलोमीबाईंनी तोच कागद काढला,
घड्यांवर चिकटपट्टी लावलेला.
सुकराम मडावी, त्यांनी वाचलं.
त्याच्या घशाखाली घास उतरू दे, बापा.

सुकराम नोव्हेंबरातच गेला होता.
मीच त्याला गाडीत घालून दिलं होतं,
खर्चात लिहिलं होतं: वाहन, चार हजार दोनशे.
तिमाही अहवाल सदरला गेला, दोन प्रतींत, फोटोंसह.
इथे नाही.
तीनशे रुपयांना कुठला अहवाल?

नऊ रविवार.

आमेननंतर मी सांगितलं.
कोणी मला काही बोललं नाही, तेच वाईट.
बाहेरून डंपर गेला, खिडकीची काच थरथरली.
सलोमीबाईंनी पेन्सिल घेतली, नाव खोडलं नाही,
बाजूला एक रेघ ओढली, रिकामी.
"बायको हाये न त्याची?"
आहे.
"नाव सांग."

अठरा दिवस तिने आमच्या मोरीवर भांडी घासली होती.
मी तिला मावशी म्हणत होतो.

परतीच्या बसमध्ये, कामठीच्या पुढे,
रजिस्टरमधला नंबर लावला.
दोनदा कटला. तिसऱ्यांदा पोरगं आलं.
तुझ्या आईचं नाव काय रे?
"रैनू," ते म्हणालं. मग जरा थांबून,
"कोन विचारते?"

मी संस्थेचं नाव सांगणार होतो.
म्हटलं, एकवीस घरं.